घरांना घातलेले टाके

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मला एवढंच सांगण्यात आलं होतं, की मुलीची आई शिवणकाम करते. मी आपला मनात झबली, फ्रॉक, पडदे असं काहीबाही धरून त्यांच्या दारात गेलो. आत पाहतो तर एक ठेंगणी, सावळी बाई ट्रकएवढ्या पसरलेल्या ताडपत्रीच्या मधोमध बसलेली. हातात वीतभर लांब दाभण, तळहाताला चामड्याचा पट्टा आणि दातात मेण लावलेला दोरा. दोरा न सोडताच त्या म्हणाल्या, "या जावईबापू. बसा. पण कडेकडेनं या, मधे पाय देऊ नका."

या माझ्या सासूबाई. सगळी वस्ती त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही मामीच म्हणतो. लग्नानंतर त्यांनी मला हौसेनं एक शर्ट शिवून दिला, ताडपत्रीच्याच दोऱ्यानं. कापड केव्हाच विरून गेलं, शिवण मात्र अजून जशीच्या तशी आहे.

धंदा मूळचा माझ्या सासऱ्यांचा. ते अचानक गेले तेव्हा माझी बायको शाळेत होती. दुकान आता बंद होणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण मामी नवऱ्याशेजारी बसून वर्षानुवर्षं दोर ओवायच्या कड्या ठोकत आल्या होत्या, दोऱ्याला मेण लावत आल्या होत्या. दुःखाचे दिवस सरल्यावर त्या सरळ मशीनवर जाऊन बसल्या. एक ट्रकवाला दारातून आत डोकावून म्हणाला, "कारागीर कुठाय?" मामी म्हणाल्या, "समोर बसलाय." तो हसला. तोच पुढची वीस वर्षं त्यांचं गिऱ्हाईक राहिला. त्याला आम्ही घरात 'मिशीवाला' म्हणतो. मामींच्या तोंडी त्याच्याबद्दल शिव्याच जास्त, पण त्याचं काम त्या सगळ्यात आधी हातात घेत.

दुकान म्हणजे जुन्या गिरणीमागच्या बैठ्या घरांच्या रांगेतलं पहिलं घर. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. सगळ्या रांगेवर पत्र्याची छपरं. भिंतीला भिंत लागून निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती आणि मामींच्या मशीनची मोटर घरघरली, की मास्तर भिंतीवर काठी आपटायचे. मामी मग मोटर बंद करून हातानं टाके घालायच्या आणि तोंडानं म्हणायच्या, "पत्रं वाटून आयुष्य गेलं, पण गोड शब्द काही वाटता आला नाही या माणसाला."

वादळ आलं ते दुपारी. सकाळपासून अंगाची लाही होत होती आणि वारा कुठे दडून बसला होता कोणास ठाऊक. मी बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. एका गिऱ्हाइकाला फ्रेम घालून बघत होतो, तेवढ्यात आरशातलं आभाळ तांबूस झालेलं दिसलं. मग धूळ, मग कानठळ्या बसवणारा कडकडाट, आणि त्यामागून वारा आला तो अंगावर धावून येणाऱ्या माणसासारखा. आम्ही शटर ओढलं. फटीतून मी एक पाण्याची टाकी रस्त्यावरून गडगडत जाताना पाहिली. तिच्यामागोमाग पत्रे निघाले. पत्रा हवेत सुरीसारखा सपासप फिरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाऊस आला आणि आला तसा गेलाही. सगळा खेळ अर्ध्या तासाचा असेल नसेल.

शटर वर केलं तर रस्ता ओळखू येईना. जाहिरातीचा मोठा सांगाडा बसथांब्यावर आडवा झाला होता, विजेचे खांब वाकले होते आणि तारांवर पत्रे वाळत घातल्यासारखे लोंबत होते. फोन बंद पडले होते. माझी बायको दवाखान्यात परिचारिका आहे, म्हणून आधी तिकडे धावलो. ती हातमोजे घालून दारात उभी होती, मागे डोकी फुटलेल्यांची रांग.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पण मी इथून हलू शकत नाही. तू आईकडे जा. पळ."

गिरणीमागच्या रांगेत पोचलो. निम्म्याहून जास्त घरं उघडी पडली होती. भिंती उभ्या, चुली जागच्या जागी, पलंगावर चादरी तशाच, आणि वर थेट आभाळ. माणसं मात्र वाचली होती. कुणाचा हात मोडला होता, कुणाची कातडी फाटली होती, पण माणूस एकही गेलं नव्हतं. मामींच्या दुकानाचाही अर्धा पत्रा उडाला होता. त्या मशीनखाली बसल्या असतील, रडत असतील असं मला वाटलं होतं. त्या मशीन कोरडं करत होत्या, स्वतःचं अंग पुसायचं सोडून.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "पश्चिमेकडे बघा जरा."

बघितलं. तिकडे पुन्हा काळं भरून येत होतं. अंधार पडायच्या आत पाऊस परत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मामी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाळी दिली. मोठ्या आवाजात बोलणं त्यांचा स्वभाव नाही, पण त्या हाळीनं माणसं जागच्या जागी थांबली. "ज्याच्याकडे जे कापड असेल ते आणा. जुनी ताडपत्री, जाहिरातीचे फाटके पडदे, पोती, गाडीवरची कव्हरं, काय असेल ते. दोर आणा. रडायचं नंतर बघू."

माणसांना काहीतरी करायला हवंच होतं. बघता बघता दुकानासमोर ढीग पडला. आडव्या झालेल्या सांगाड्यावरचा पडदासुद्धा दोघांनी कापून आणला. त्यावर कुठल्याशा हसऱ्या बाईचा भलामोठा चेहरा होता. पण वीज नव्हती आणि मोटर विजेवर चालायची. मामींनी मोटरचा पट्टा काढून टाकला. "चाक हातानं फिरवायचं. कोण फिरवणार?"

मी पुढे झालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी फिरवतो." पोस्टमास्तर होते. भिजलेले, चष्म्याची एक काच तडकलेली. त्यांच्या बायकोच्या पलंगावर शेजारच्यांनी कपाट आडवं करून तेवढा आडोसा केला होता.

मामींनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, आवाज होईल बरं का."

"होऊ दे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चाकाला हात घातला.

मग काम सुरू झालं. एकानं चाक फिरवायचं, मामींनी कापड सरकवायचं, बाकीच्यांनी तुकडे जुळवून धरायचे आणि कड्या ठोकायच्या. मास्तर दमले की मी, मी दमलो की मास्तर. प्रत्येक तुकड्याची कड मामी दोनदा दुमडून आत दोर घालून शिवत होत्या. त्यामुळे वेळ लागत होता आणि लोकांचा धीर सुटत होता. टीव्ही दुरुस्त करणारा एकजण सारखा पुढे घुसत होता.

"मामी, कडा कशाला शिवताय? तसंच द्या की! बांधू आम्ही."

"न शिवलेली कड म्हणजे वाऱ्याला दिलेलं आमंत्रण. तुझा पत्रा गेला तसं हेही जाईल."

"बरं, मग माझं आधी करा. घरात लोकांचे टीव्ही आहेत, महागामोलाचे."

"टीव्हीला सर्दी होत नाही," मामी म्हणाल्या. "आधी मास्तरांची बायको, मग कोपऱ्यावरची बाळंतीण, मग म्हातारे. मग तुझे टीव्ही."

लोक हसले. तसल्या वेळी लोक हसू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. टीव्हीवाला फणकारला, कुठूनतरी प्लास्टिक आणून स्वतःच छपरावर बांधून आला. पहिल्याच झोताबरोबर ते प्लास्टिक आमच्या डोक्यांवरून गिरणीच्या धुराड्याकडे निघून गेलं. तो मुकाट्यानं परत आला आणि कड्या ठोकायला बसला. ठोकल्याही चांगल्या.

पण कापड पुरेना. रांगेच्या शेवटची घरं उरली होती, त्यात बाळंतिणीचंही. पहिलं आच्छादन मास्तरांकडे गेलं होतं, पण बाळंतिणीच्या घराच्या लांबीला जोडलेले तुकडे पुरत नव्हते. आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुकानाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे मिशीवाल्याची नवीकोरी ताडपत्री घडी घालून ठेवली होती. मोठ्या ट्रकची, पक्क्या शिवणीची, पितळी कड्यांची. चार घरं एका दमात झाकली असती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती.

मामी उठून त्या घडीजवळ गेल्या आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. तापानं फणफणलेल्या असताना त्यांनी वेळेवर माल दिलेला मी स्वतः पाहिला होता. फोन लागत नव्हता, विचारायची सोय नव्हती. आभाळात गुरगुर सुरू झाली.

"मामी," मी हळूच म्हणालो, "मी सांगेन त्याला समजावून."

त्यांनी मान वर केली. "तू कशाला? शिवणारी मी, तोंड देणारी मी. अरे, बघत काय उभा राहिलास? उचल ते टोक!"

इतकी वर्षं मी 'जावईबापू' होतो, 'या' आणि 'बसा' होतो. त्या संध्याकाळी मी 'अरे' झालो. ताडपत्रीचं टोक खांद्यावर घेऊन पळताना मला कुणीतरी बढती दिल्यासारखं वाटत होतं.

शेवटची गाठ मारली आणि पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळला. वाराही होता. आम्ही बाळंतिणीच्या खोलीत उभे राहून वर बघत होतो. ताडपत्री फुगायची, ताणायची, पुन्हा खाली बसायची. पाण्याचा ताशा वाजत होता, पण आत थेंब नाही. बाळ झोपलेलं होतं, त्याला कशाचीच पर्वा नव्हती. मामी बॅटरी घेऊन घराघरांत गेल्या, प्रत्येक शिवण आतून बघत. शेजारच्या एका घरात ती जाहिरातीतली बाई छतावरून खाली बघून हसत होती. तिथली आजी म्हणाली, "हिच्यासमोर कपडे कसे बदलायचे गं?" मामी म्हणाल्या, "तिला सांग डोळे मीट म्हणून."

सगळ्यात शेवटी आम्ही त्यांच्या स्वतःच्या छपराकडे आलो, तर तिथे मास्तर आणि टीव्हीवाला पोती जोडून बांधत होते. मामींना न विचारता.

सकाळी मिशीवाला आला. चिखल तुडवत, मोडलेल्या फांद्यांवरून उड्या मारत. मामी दारातच उभ्या होत्या. "तुझी ताडपत्री मी वापरली. विचारलं नाही. बाळंतिणीच्या घरावर आहे."

तो भडकला. भडकणारच. "मामी, मला आज माल भरायचाय! तो भिजला तर?"

"भिजला तर माझ्या दारात आणून ओत. दुपारपर्यंत जुन्या दोन जोडून देते. नवीही शिवून देईन. पण ती आज उतरणार नाही."

तो रांगेत चालत गेला. बाळंतिणीच्या घरापाशी बराच वेळ थांबला, दोरांना हिसका देऊन पाहिला, दोन गाठी त्यानं सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. परत आला तो दातओठ खातच. "गाठी कुणी मारल्यात? ट्रकवाल्याला लाज आणाल." जोडलेली जुनी ताडपत्री घेऊन तो दुपारी गेला, आभाराचा शब्द नाही. पण पुढच्या आठवड्यात दूरदूरचे ड्रायव्हर मामींकडे जुनी आच्छादनं, दोर, कड्या आणून टाकू लागले. विचारलं तर म्हणायचे, "मिशीवाला सांगत होता, अख्खी वस्ती म्हणे त्याच्याच ताडपत्रीखाली झोपली होती!" मामी एवढंच म्हणाल्या, "झोपू दे त्याच्या ताडपत्रीखाली अख्खं जग. दोर तर आला."

नवे पत्रे यायला दोनेक महिने लागले. तोवर रांग त्या ठिगळांखालीच राहिली. माझी बायको म्हणायची, "आम्ही माणसांना टाके घातले, आईनं घरांना." पत्रे चढले तसे लोक एकेक आच्छादन धुऊन, वाळवून, घडी घालून परत आणून देऊ लागले. मामी प्रत्येकाची शिवण प्रकाशात धरून बघत. सगळ्या धड होत्या, एक सोडून. ती त्या दिवशी मामी पाणी प्यायला उठल्या असताना मी मशीनवर बसून घातली होती. त्यांनी ती उसवली आणि कापड माझ्या मांडीवर टाकलं. "घाल पुन्हा." मी घातली. तिसऱ्या वेळी त्यांना पसंत पडली.

परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला आले. खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्या ताडपत्रीवाल्या मामींचे जावई ना?"

"हो," मी ताठ होत म्हणालो आणि त्या भरात अक्षरांचा तक्ता त्यांच्यासमोर उलटा धरला.