सुलभा असल्फ्याची टेकडी चढली तेव्हा

फोन आला तेव्हा मी हयातीचा दाखला द्यायला मुलुंडच्या बँकेत बसलो होतो. शेजारची नीता बोलत होती. "काका, असाल तसे घरी या." मी विचारलं, "अमेयला काय झालं?" ती म्हणाली, "अमेय नाही हो काका. काकू..."

आमच्या घरात वीस वर्षं हाच प्रश्न पहिला यायचा. अवेळी फोन वाजला, दाराची बेल वाजली, जिन्यात कुणी धावत आलं, की सुलभाचा आणि माझा जीव एकाच ठिकाणी जायचा. त्या दिवशी मात्र आमचा मुलगा अमेय त्याच्या बोरिवलीच्या घरी धडधाकट होता, आणि सुलभा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर गवार मोडता मोडता गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. सात आठवडे झाले. माझ्या बायकोला तिच्या स्वतःच्या हृदयाची काळजी करायला कधी सवडच मिळाली नाही, असं त्यानंतर अनेकदा मनात येऊन गेलं.

अमेयला पहिली फिट आली ती नववीत असताना. रविवार होता, तो क्रिकेटला जायला बुटांच्या नाड्या बांधत होता आणि बसल्या जागी आडवा झाला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजारीपाजारी जमले. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. सुलभा पोराचं डोकं मांडीवर घेऊन सगळ्यांवर ओरडत होती, "बाहेर व्हा!" पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, हा आजार आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. सुलभाने गोळ्यांचं तेवढं ऐकलं. अंधेरीला एका कंपनीच्या रिसेप्शनवर होती, ती नोकरी तिने महिन्याभरात सोडली. गोळ्या पाकिटातून काढून सुपारीच्या डबीत ठेवू लागली, म्हणजे आल्यागेल्याला नाव दिसायला नको. त्या दिवशी घरात जमलेल्यांना तिने सांगून टाकलं, उन्हाने चक्कर आली होती. मी म्हटलं, "अगं, कशाला?" ती म्हणाली, "पोराचं लग्न व्हायचंय पुढे." पोरगा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

तो शिकला, साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात खोक्यांची डिझाइनं करायच्या कामाला लागला. मशीनच्या जवळ बसायचं नाही, गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही, ही तिची रोजची घोकणी. अडीच वर्षं एकही फिट आली नाही. मग एका संध्याकाळी तो भुवईवर तीन टाके घालून घरी आला. म्हणाला, पायरीवरून घसरलो, चष्मा पण फुटला. सुलभाने चहा देताना विचारलं, जेवताना विचारलं, सकाळी डबा भरतानाही विचारलं, "नुसता घसरलास ना रे?" "हो गं आई, किती वेळा सांगू?" तिने विचारणं थांबवलं, पण पुढचे पंधरा दिवस त्याचा मोबाइल दुपारी दोनदा वाजायचा.

पाच-सहा महिन्यांनी त्याने दीपालीचं सांगितलं. साकीनाक्याला ज्या दुकानात तो चष्मा करायला गेला, तिथे ती काउंटरवर होती. असल्फ्याला राहते, मूळची मालवणकडची, वडील नाहीत, आई आणि ती. सुलभाला एवढा आनंद झाला की तिने चहात दोनदा साखर टाकली. तो चहा संपेपर्यंतच तो आनंद टिकला. कप खाली ठेवून तिने हळूच विचारलं, "तिला काही बोललास का?" अमेयने मान खाली घातली. "नाही." "बोलूही नकोस. लग्न होऊ दे, पोरगी समजूतदार असेल तर घेईल सांभाळून. आधी सांगितलं तर तिच्या घरचे उंबऱ्यावरून परत पाठवतील आपल्याला." "बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'कडे आम्ही दोघांनीही तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

तिथपासून साखरपुड्यापर्यंतचे आठ महिने मी अजून विसरलेलो नाही. दीपाली घरी आली की सुलभाचं लक्ष तिच्याकडे नसायचंच, अमेयच्या हातातल्या कपाकडे असायचं. कप जरा हलला की ती अर्धी उठायची. त्याच्या गोळीची वेळ झाली की काहीतरी कारण काढून दीपालीला स्वयंपाकघरात न्यायची. पोरगी साधी, हसरी. तिने एकदा विचारलंही, "काकू, मी आले की तुम्हाला टेन्शन येतं का?" सुलभा कसंनुसं हसली. त्या दिवशी ती गेल्यावर मी म्हटलं, "सुलभा, हे बरोबर नाही. त्या जागी आपली मुलगी असती तर?" ती एकदम माझ्यावर उसळली. "तुम्हाला काय जातंय बोलायला? त्याचं लग्न मोडलं तर त्याच्या तोंडाकडे मला बघायचंय." मी पेपर उघडला. मी तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं... पण गप्प बसणं मला जन्मभर जमत आलंय.

साखरपुड्याला आठ दिवस राहिले आणि दीपालीच्या आईचा, परबबाईंचा फोन आला. हॉल, माणसं, जेवण वगैरे बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "माझा चेडू, माझी लेक, तुमच्या पदरात घालतंय. तुमी फसवणारी माणसा न्हय, म्हणान माका घोर नाय." सुलभाने फोन ठेवला. जेवली नाही. सकाळी मी दाढी करत होतो, तर साडी नेसून दारात उभी. "अहो, चला. असल्फ्याला जायचंय."

घाटकोपरहून रिक्षा केली. रिक्षात ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. टेकडीच्या पायथ्याशी रिक्षा थांबली. वर नुसत्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरं. सुलभाचे गुडघे तेव्हाच गेलेले. दर दहा पायऱ्यांवर ती थांबायची. मी म्हटलं, "परत जायचं का?" ती धापा टाकत म्हणाली, "मला परत जा म्हणू नका. मी लगेच जाईन."

दीपाली घरीच होती. परबबाई आम्हाला अचानक बघून गोंधळल्या. "एवढो चढाव चढान इलास, आधी पाणी पिया." सुलभाने पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच बोलायला लागली. नववीतला रविवार, गोळ्या, सुपारीची डबी, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला फसवणार होते मी. अमेयचा यात दोष नाही, मीच त्याची तोंडबंदी केली होती. आता तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही तसेच खाली उतरू." परबबाई खाली बसल्या. मी दीपालीकडे बघण्याचं टाळत होतो.

दीपाली पुढे आली, सुलभाचा हात धरून तिला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "काकू, फिट आल्यावर काय करायचं, ते आईला आणि मला दाखवा ना." सुलभा माझ्याकडे वळली. "अहो, आडवे व्हा." होणाऱ्या व्याह्यांच्या घरी मी, पासष्ट वर्षांचा माणूस, भर सकाळी लादीवर आडवा झालो! सुलभा सांगत होती, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट हॉस्पिटल. मग दीपालीने मला वळवलं. एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि मी अलगद कुशीवर. पहिल्याच फटक्यात जमलं तिला. मला तेव्हा वाटलं, काय हुशार पोरगी आहे!

परबबाई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "लग्नानंतर कळला आसता तर मी तुमचा तोंड बघूक नसता. आधी सांगलास... बरा केलास." आणि लेकीला म्हणाल्या, "तुजा काय ता तू सांग." दीपाली म्हणाली, "माझं ठरलंय आई." सुलभाने तेव्हा कुठे पाणी मागितलं, आणि दोन तांबे प्यायली.

लग्न लागलं. मुहूर्त अकराच्या पुढचाच हवा, असा सुलभाने भटजींकडे हट्ट धरला, अमेयची झोप पुरी व्हायला हवी म्हणून. लग्नानंतर दोनदा फिट आली. दोन्ही वेळा दीपालीचा फोन नंतर आला, "आई, येऊन गेली. आता झोपलाय तो. तुम्ही जेवून घ्या." सुलभा जेवली नाही हे खरं, पण धावत बोरिवलीलाही गेली नाही. तिच्या मानाने ते फार होतं.

तेराव्यानंतर दीपाली माझ्याजवळ येऊन बसली. अमेय दाराशी उभा होता. ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. आमची ओळख चष्मा करायला आल्यावर नाही झाली." अमेयची ती भुवई फुटली तो दिवस. तिच्या दुकानाच्या पायरीवरच तो कोसळला, ती सांगत होती. लोक कांदा आणायला धावले, तिने सगळ्यांना बाजूला केलं, कुशीवर वळवलं, शुद्धीवर येईपर्यंत हात धरून बसली. त्यांच्या शेजारी एका मुलाला फिट यायच्या, त्यामुळे तिला माहीत होतं. चष्मा तिथेच फुटला, तो नवा करायला अमेय आठवड्याने आला... "आईला कळलं असतं की रस्त्यात फिट आली, तर तिने मला घराबाहेर पडू दिलं नसतं, बाबा," अमेय म्हणाला.

मला त्या पायऱ्या दिसायला लागल्या, तिचे गुडघे, तिची धाप. "मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस गं? उगाच चढली ती एवढी!" दीपालीचे डोळे भरले. "उगाच नाही, बाबा. मला माहीत होतं, पण माझ्या आईला कुठे माहीत होतं? आठ महिने मी रोज ठरवायचे, आज सांगते. हिंमत होत नव्हती. आई आल्या आणि त्यांनी सांगितलं. नाहीतर मीसुद्धा माझ्या आईला फसवूनच लग्न केलं असतं." हे सुलभाला सांगायचं दर वेळी राहून गेलं, म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सुलभाचा मोबाइल मी बंद केलेला नाही. अमेय बोरिवलीला राहायला गेल्यापासून रोज सकाळी साडेआठला, गोळी घेतली की तो तिला मिस्ड कॉल द्यायचा. ती फोन उचलायची नाही, नुसतं "घेतली" म्हणायची आणि कामाला लागायची. तो अजूनही देतो. फ्रिजवर ठेवलेला तिचा फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. गेल्या मंगळवारी साडेआठ वाजून गेले, फोन वाजला नाही. आठ पस्तीस... आठ चाळीस. माझा चहा गार झाला. मी तिचा फोन हातात घेऊन खिडकीत जाऊन उभा राहिलो, ती उभी राहायची तिथेच. पावणेनऊला वाजला. मी उचलला नाही. "घेतली," मी मोठ्याने म्हणालो, आणि गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.