गार चुलीची राख

भोपळ्याच्या कोवळ्या रोपावर तांबडा भुंगेरा बसला की आमच्या घरात एकच उपाय मान्य होता. पहाटेचे दव असेतो, किडा गारठलेला असताना, पान रिठ्याच्या पाण्याने भरलेल्या परातीवर झटकायचे. मग ओल्या पानावर गोवरीची राख फडक्यातून चाळून टाकायची. ऊन वर आले की किडा उडतो आणि पानावर राख धरत नाही. चार पाने खरखरीत झाली की त्याचे फारसे चालत नाही. तोवर मात्र एक सकाळही चुकवून भागत नाही. हे मी आत्याकडून शिकलो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला सांगलीजवळ कृष्णाकाठी दिली होती. विधवा होऊन ती कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतली ती दुध्या भोपळ्याचे बी पदरात बांधून. सासरचे दुसरे काही तिच्याजवळ नव्हते. दरसाल एक भोपळा बियांसाठी आढ्याला टांगलेला असे. लढाईच्या दिवसांतल्या त्या वर्षी उंदरांनी तो पोखरला. वाचलेल्या बिया तिने माघात परसात पुरल्या. मागे एकही ठेवली नाही. रोपांनी डोके वर काढले आणि गावात उंदीर पडू लागले.

उंदीर पडणे म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. प्लेगात आधी उंदीर मरत, मग माणसे. गाव उठले. माळावर पाल्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. घरांत ऊन शिरावे म्हणून लोकांनी छपरांची कौले उतरवली, दारे सताड उघडी टाकली आणि वेशीवर एका म्हाताऱ्याला राखणीस बसवले.

माळावरच्या पहिल्याच पहाटे आत्या परात घेऊन निघाली. वडिलांनी वाट अडवली.

“आक्का, गावात जायाचं न्हाई.”

“मग तू जाऊन किड्यास्नी सांग, गाव उठलंय म्हणून. ऐकत्यात का बघ.”

“भोपळ्यापायी मरशील.”

“चार पानं हूं देत रं. मग माजं तितं काय काम?”

वडील बाजूला झाले. मी तिच्यामागून चालू लागलो. वेशीवरचा म्हातारा म्हणाला, “आवं आक्का, गावात आता उंदरंच ऱ्हायल्यात. त्येंची पाटीलकी करायला निगालासा व्हय?”

“व्हय. तुला कोतवाल नेमते, चल आत.”

म्हातारा हसला; जागचा उठला नाही.

आळीत जात्याची घरघर नव्हती, कोंबडा नव्हता. उघड्या दारांतून घरांची मागची दारे दिसत होती. बिनकौलांच्या छपरांखाली भिंतींवर फासळ्यांसारख्या सावल्या पडल्या होत्या. आमच्या परसाला ओढ्याची ओल होती, म्हणून रोपे तजेलदार होती. पानापानावर तांबडे ठिपके स्वस्थ बसले होते. सबंध गावात जिवंत असे तेवढेच दिसले.

घरच्या चुलीतली राख लवकरच संपली. माळावर राख मिळेना. पाल्याला ठिणगी लागेल या भीतीने भाकरी झाली की चुलीवर पाणी ओतत; जी कोरडी राही ती वारा नेई. एके दिवशी दुपारी भाकरी खाताना आत्याने सहज सांगितले की ती आता शेजाऱ्यांच्या चुलींतली राख घेते.

“पाक मवू राख हाय. एका चुलीत उंदीर मरून पडलेला. काठीनं सारला बाजूला आन् खालची घेतली.”

वडिलांचा घास हातात राहिला. “मेलेल्या उंदराखालची?”

“राखंत कसला रोग ऱ्हातोय? इस्तवानं खाऊन ऱ्हायलेलं ते. भांडी कशानं घासतोस तू?”

वडिलांनी क्षणभर विचार केला आणि घास तोंडात घातला. आमच्याकडे राख शुद्ध. राखेने भांडी घासत, दात घासत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर राखेची रेघ ओढत. पेटत्या चुलीची राख आणि कित्येक दिवस गार पडलेल्या चुलीची राख यांत फरक असतो, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे अंग शोधतात, हे मला पुष्कळ पुढे कळले. गार चुलीत त्यांना आत्याचा हात सापडला असावा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती परसातून परतली ती समाधानाने. “पानं खरबरीत झाली,” म्हणाली. “सुटलं आता.” त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. सकाळी काखेत गाठ होती. रिवाजाप्रमाणे तिची झोपडी वेगळी केली, दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वडील दाराशी पाणी ठेवत. आतून ती एकदाच बोलली: “एक भोपळा बियाला ठेव. खुडू नगंस.”

तिला माळाच्या कडेलाच अग्नी दिला.

चैत्रात गाव परत भरले. आम्ही घर सारवले, कौले चढवली. परसात वेल कुंपणावरून पलीकडे गेली होती आणि भोपळे लोंबत होते. भुंगेरे होते, पण खरखरीत पानांपुढे त्यांचे काही चालत नव्हते. शेजारीण म्हणाली, “लय लागल्यात वो.” वडिलांनी ते सगळे गुरांपुढे टाकले. एक तेवढा वेलीवरच वाळू दिला आणि आढ्याला टांगला.

पुढच्या माघात त्यांनी तो फोडला आणि बी पुरले. रोपांवर भुंगेरा आला तेव्हा राख लागली. वडिलांनी ती आमच्याच चुलीतून, निखारे लाल असताना ओढली आणि गार होईतो तिच्यापाशी बसून राहिले.

ते बी माझ्या परसात अजून आहे. राख मीही तशीच काढतो.