मागाच्या खड्ड्यातला चहा

निपाणीच्या माणसांनी एक मुलगी नाकारली, का तर तिच्या घरात त्यांना चहा मिळाला न्हाय. ही बातमी आमच्या शहापुरात येऊन पोचली आणि आमच्या आप्पांची झोप उडाली, कारण पुढच्या पंधरवड्यात तीच माणसं मला बघायला यायची हुती.

माणसं मूळची आमच्यातलीच, विणकर. म्हाताऱ्यानं तरणेपणी माग मोडला, निपाणीला जाऊन तंबाखूत पडला आणि चांगला वर आला. आता त्यांच्यात दिवसातून तीनदा चहा व्हायचा म्हणे. आमच्यात काय? आल्यागेल्याला गूळ-पाणी, फार तर ताक. चहा आप्पांनी तेवढा चाखलेला. बाजारात कंपनीची गाडी यायची, चहा फुकट पाजायची, लोकांना चटक लागावी म्हणून. आप्पा एकदा रुमाल बांधून गेले, एकदा रुमाल सोडून गेले, एकदा लंगडत गेले. असा एका दिवसात पाच कप चहा पिऊन आले आणि रात्रभर माळ्यावरचे वासे मोजत पडले. त्यामुळं घरात चहातले जाणकार तेच.

"चहा नुसता करून भागत न्हाय," आप्पा म्हणाले, "त्याला सामान लागतंय."

कॅम्पात, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, कोण साहेब विलायतेला परत निघाला की त्याच्या घरातलं किडूकमिडूक लिलावात निघायचं. आप्पा तिथं गेले. सूत पारखावं तसा एकेक कप उन्हात धरून बघितला, नखानं वाजवला, कानाला लावला. साहेबाचा खानसामा बघतच राहिला म्हणे. शेवटी घेऊन आले सहा कप, पाच बश्या, पोचे पडलेली एक किटली, आणि तारेचं एक काहीतरी, कप्पे कप्पे असलेलं. ते कशाचं हे खुद्द आप्पांनाही ठाऊक नव्हतं. "बश्या उभ्या करायचं असणार," म्हणाले. बश्या त्यात बसेनात. आव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, ते उचललं आणि त्यात मागाच्या सूत गुंडाळलेल्या कांड्या उभ्या करून ठेवल्या. झ्याक बसल्या. साहेब त्यात भाजलेला पाव ठेवतो हे मला पुढं कळलं, पण आमच्यात त्याला कधी पावाचा वारा लागला न्हाय.

कपांवर मात्र आव्वा भडकली. "हाडाच्या मातीची भांडी. माझ्या चुलीपाशी आणायची न्हाईत. सैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली तर मी जेवणार न्हाय."

"अगं, चीनच्या मातीची हाईत!"

"चीनमधल्या माणसास्नी हाडं नसत्यात व्हय?"

मग ठरलं की चहा आत पितळी तपेलीत व्हायचा, आव्वानं तो उंबऱ्यावरनं बाहेर ओतायचा, आणि मी किटली घेऊन उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहायचं. म्हणजे कप सगळे बाहेरच्या सोप्यात. आणि बाहेरच्या सोप्यात तर दोन माग. माणूस बसायला म्हणून जागा म्हटली तर चार हात सतरंजी अंथरायची, बास.

आता त्यातला एक माग माझा हुता. माझा म्हणजे, अजून व्हायचा हुता. माझा थोरला भाऊ अण्णा यंत्रमागावर काम करायला इचलकरंजीला गेला आणि त्याचा माग रिकामा पडला. आमच्यात बायकांनी कांड्या भरायच्या, रहाट फिरवायचा. मागावर पुरुष बसायचा. मी हट्टच धरला. चार दिवस जेवले न्हाय. तेव्हा आप्पा म्हणाले, "एक लुगडं विण. चूक झाली न्हाय तर माग तुझा. झाली तर परत कांड्या. मग त्या मागाचं नाव काढायचं न्हाय. आणि गल्लीत कळता कामा नये." का तर पोरगी मागावर बसते म्हणजे घरातली पुरुषं मेली, असं लोक बोलणार.

ते लुगडं मी तीन महिने विणत हुते. दार लोटून घेऊन. हिरवं अंग, तांबडे काठ, आणि पदर तांबडा-पांढरा पट्ट्यांचा. पाहुणे येणार कळलं तेव्हा पदराचं वीतभर काम राहिलेलं. वीतभर! एक चूक नव्हती त्यात. मी रोज बोटं फिरवून बघायची.

आप्पांनी एक खुर्ची भाड्यानं आणून बघितली. सोप्यात ठेवली, वर बसले, आणि तिचा मागचा पाय मागाच्या खड्ड्यात गेला. आप्पा उताणे आत. काढायला आम्ही दोघी. पण त्या खड्ड्यात पडल्या पडल्याच त्यांना अक्कल सुचली. आमचे माग जमिनीतले; खाली खड्डा, त्याच्या काठावर विणकर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. आप्पा तसेच काठावर सरकून बसले आणि मांडीवर थाप मारून ओरडले, "साहेब काय करतो गं? बूड वर, पाय खाली, समोर फळी! मग आपण बापजाद्यापास्नं दुसरं काय करतोय? खुर्ची-टेबल आपल्या घरातच हाय, आन् मी येडा कॅम्पात हुडकतोय!"

हौसेला मोल न्हाय म्हणतात. पण मोल कुणाच्या तरी गळ्यात पडतंच. आप्पांच्या मागावर व्यापाऱ्याचं रेशमी काम चढलेलं, त्याला हात लावायचा न्हाय. म्हणजे चहाची जागा माझा माग. त्यावर माझं लुगडं तसंच. ते उतरवताही येईना, कारण चढलेला ताणा, म्हणजे मागावर ओढलेलं उभं सूत, आमच्यात मधेच कापत न्हाईत. अपशकुन. माणूस मरणाला टेकला तरी ताणा पुरा करून मगच कात्री लावायची.

"लुगड्यावर फळी टेकवली तर मी जीव दीन," मी सांगितलं.

"टेकवत न्हाय गं माझे आई. टांगतो."

आणि खरंच टांगली. मागाच्या वर आडवा बांबू असतो, त्याला सुताच्या चौकटी लोंबतात. खाली पावडी दाबली की त्या वरखाली होतात. त्याच बांबूला चार दोर बांधून आप्पांनी पाळण्यासारखी फळी सोडली. लुगड्याच्या चार बोटं वर. फळीवर आव्वाचं धुतलेलं पातळ. आणि मागच्या चौकटी, ताणा, सगळं दिसू नये म्हणून भलीमोठी चादर टाकली. लांबून बघितलं तर कुणीतरी जत्रेतला देव झाकून ठेवलाय असं वाटावं.

मी म्हटलं, "आप्पा, पावड्यांचे दोर सोडून ठेवूया. बसणाऱ्यानं पाय हलवला तर?"

"तंबाखूवाल्याचे पाय कशाला हलतील?"

मी जास्त ताणलं न्हाय. खरं सांगायचं तर पावड्या सोडल्या की ताणा ढिला पडतो, पदर बिघडतो, ही मला धास्ती. म्हणजे चूक अर्धी माझीच.

ठरल्या दिवशी दुपारी ती माणसं सर्व्हिस मोटारीनं आली. तिघं. म्हातारा, त्याचा मुलगा म्हणजे नवरामुलगा, आणि म्हाताऱ्याची बहीण. नवऱ्यामुलाबद्दल मला काही सांगता येत न्हाय. तो सबंध वेळ सतरंजीचे दोरे उपटत बसला हुता. बोलायचं काम सगळं त्या आत्याबाईकडं. म्हाताऱ्याला आप्पांनी मानानं खड्ड्याच्या काठावर बसवलं. म्हातारा अंगानं दणकट. बसला, पाय आत सोडले, आणि वाकून खाली बघितलं. मला वाटलं खड्डा गार लागला.

मी उंबऱ्यापाशी किटली घेऊन उभी. आतनं आव्वानं तपेली कलती केली. अर्धा चहा किटलीत, अर्धा माझ्या पायावर. "अगं आई गं!" कुठनं म्हणणार? बघायला आलेली माणसं समोर. तशीच ओठ चावून फळीपाशी गेले, कप भरले, किटली फळीवर ठेवली. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला आणि असा काय फुर्रर्र केला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"झकास!" म्हातारा म्हणाला. "आमच्या निपाणीत बी असा मिळायचा न्हाय."

आप्पांची छाती फुगली. आणि तेवढ्यात चादरीनं मान डोलावली.

मी बघितलं. परत डोलावली. खालनं टक्, टक्. म्हाताऱ्याचे पाय! चाळीस वर्षं तंबाखूत वावरलेला माणूस, पण बूड खड्ड्याच्या काठाला लागलं आणि पायांना आपलं काम आठवलं. त्याला स्वतःला पत्ता न्हाय. तो आपला वर पावसापाण्याचं बोलतोय आणि खाली डावी पावडी, उजवी पावडी. वरचा बांबू हलतोय, फळी झुलतेय, कप एकामागनं एक किटलीकडं चाललेत. आप्पा एका हातानं फळी धरून हसतायत, "वारं लई सुटलंय आज."

आत्याबाईचं लक्ष चादरीवर. "मागं कोन हाय हो?"

"कोन न्हाय!" आप्पा आणि मी एकदम बोललो. झालं. चोराच्या मनात चांदणं.

"हाय की! मान हलवतंय चांगलं. ही पोरगी दाखवून ती गळ्यात घालताय व्हय? असली फसवाफसवी आमच्या भावकीत एकदा झालीया!" आणि बाई उठल्या, पदर खोचला, आणि चादर ओढली.

चादरीबरोबर दोर आला, दोराबरोबर फळी कलली, आणि किटली घरंगळली. मी झेप घेतली, पण उशीर झाला. सगळा चहा पदराच्या पांढऱ्या पट्ट्यांवर.

तीन महिने. आणि तो तपकिरी ओघळ सावकाश पसरत चाललेला, आणि मी नुसती बघत उभी.

आणि बाकीची माणसं? आत्याबाई चादरीखाली, मागाखाली, सगळीकडं दुसरी पोरगी हुडकत हुत्या. म्हातारा मागाकडं बघत बसला हुता, डोळ्यांत पाणी. "अजून चालतंय की," म्हणाला. मला वाटलं लुगड्याचं बोलतोय. न्हाय, पायांचं बोलत हुता. मग लुगड्याला हात लावून म्हणाला, "कुणी विणलंय?"

"मीच," आप्पा म्हणाले. डोळ्याचं पातंसुद्धा लवलं न्हाय.

"पोरगी पसंत हाय आपल्याला," म्हातारा म्हणाला. "एकच अट. हा माग बी तिच्यासंगं द्या. असं बसून चहा प्यालो न्हाय जन्मात. घरी खड्डा खणून घेतो."

आता लग्न जुळलं हुतं. आप्पांनी व्हय म्हणायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलेलं. पण आप्पा म्हणजे आप्पा. "पोरगी खुशाल न्या," म्हणाले, "माग कसा देऊ? माझी चहाची जागा हाय ती."

"नवी खणा की!"

"तुमीच खणा की नवी! माग कशाला पायजे?"

"मागाबिगर खड्ड्याला काय चव?"

असं दोन मोठी माणसं माझ्या मागाच्या दोन बाजूंनी भांडत राहिली. चहा कुठं बसून प्यायचा यावर. पोरगी कुणीही न्यावी, माग कुणी न्यायचा न्हाय. आणि पदरावरचा डाग वाळत चाललेला. पाणी मारलं पायजे हुतं, लगेच, पण म्हातारा उठेल तर ना!

"उठा," मी म्हटलं.

कुणी ऐकलं न्हाय.

"उठा म्हणते ना! तो माग चहा प्यायला न्हाय. माझा हाय. लुगडं मी विणलंय, आप्पांनी न्हाय!"

नवऱ्यामुलानं पहिल्यांदा मान वर केली. आव्वानं आत कपाळावर हात मारला, तो आवाज बाहेर आला. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला, मग उठायला लागला. त्याला वर काढायला आप्पा आणि नवरामुलगा, दोघं लागले. मी पाण्यानं पदर टिपला. डाग फिका झाला, गेला न्हाय. मग मी खड्ड्यात पाय सोडले आणि विणायला लागले. पाहुण्यांसमोर, दार उघडं असताना. दुसरं काय करणार हुते? थांबले असते तर रडू फुटलं असतं, आणि त्या आत्याबाईपुढं मला रडायचं नव्हतं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आत्याबाई चपला घालताना म्हणाल्या. "नको गं बाई असली सून." म्हातारा मात्र दारात थांबून जरा वेळ ताण्यातनं इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकत उभा राहिला. मग गेला. चार दिवसांनी निपाणीहून नकार आला.

आव्वा माझ्याशी आठवडाभर बोलली न्हाय. आप्पाही बोलले न्हाईत. मी लुगडं पुरं केलं, उतरवलं, घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवलं, डाग वर दिसेल असं. लपवून काय उपयोग? डाग म्हणजे चूक, आणि बोली ठरलेली. आता परत कांड्या, हे मी मनाशी धरूनच चालले हुते.

त्याच दिवशी व्यापारी माल न्यायला आला. त्यानं घडी उलगडली, पदर बघितला आणि लुगडं बाजूला टाकलं. "हे कुणाचं? डाग पाडलाय."

गल्लीतली दोन माणसं दारात उभी हुती. आप्पा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीचं. डाग मी पाडलाय. विणीत चूक असली तर दाखव."

व्यापाऱ्यानं लुगडं उजेडाला धरलं. काठ बघितले, अंग बघितलं, पदर उलटा करून बघितला. लई वेळ बघितलं. बोट ठेवायला जागा सापडंना, तेव्हा घडी घालून खाली ठेवलं.

तो गेल्यावर आप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बसलीस काय? दुसरा ताणा चढव."

मी उठले, ताणा हातात घेतला आणि ढसाढसा रडले.