हळदीची सेटिंग माझी नव्हती

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. सत्कार झाले, भाषणं झाली, दर वेळी सोयीचा तेवढाच भाग सांगितला. आता सत्तरी उलटली आहे. खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

सांगलीत माझी प्रयोगशाळेच्या यंत्रांची एजन्सी. जनुकीय तपासणीत आधी रक्तातून, पानातून डीएनए काढून नमुने तयार करावे लागतात. हातानं त्याला दोन-दोन दिवस जायचे. ते काम आपोआप करणारं यंत्र मी या भागात पहिल्यांदा आणलं, ते हळदीचे वाण तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत.

प्रात्यक्षिकाला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आले होते, गिऱ्हाईक म्हणून साताऱ्याचे डॉक्टर आले होते. आणि सगळ्यांसमोर यंत्र अडकलं. हळदीचा अर्क चिकट, नळीत नुसते बुडबुडे. मी म्हणालो, "यंत्र ठीक आहे. नमुनेच खलात नीट घोटलेले नाहीत."

घोटणारी तंत्रज्ञ समोरच उभी होती. माण तालुक्यातली, तिच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं. सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"आवं साहेब, हळद हाय ती, पानी न्हवं. काकवी वतताना घाई करता व्हय? दमानं वढू द्या त्याला, आन उचलायच्या आधी जरा थांबू द्या."

"यंत्राला दमानं घे म्हणून कसं सांगायचं?"

"इकताय तुमी आन इचारताय मला?"

मी यंत्राच्या पडद्यावर ओढण्याचा वेग कमी केला, उचलण्याआधीचा थांबा वाढवला. दुपारी सगळे नमुने स्वच्छ निघाले. टाळ्या पडल्या. साहेबांनी विचारलं, काय केलंत? "सेटिंग बदलली," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, म्हणूनच इतकी वर्षं खपलं. सकाळचं वाक्य मात्र मी मागे घेतलं नाही. त्या वाक्यापायी प्रयोगशाळेनं महिन्याभरात तिला कामावरून काढलं.

पुढे बाजार असा वाढला की पूर्वी यंत्राला हसणारेच फोन करू लागले. मिरज, कराड, सातारा. उसाची रोपं, माणच्या मेंढ्या, कॅन्सरचे रुग्ण. जो अहवाल यायला महिना लागायचा, तो आठवड्यात हातात पडू लागला. कंपनीनं ती सेटिंग प्रत्येक यंत्रात कायमची घातली. आज कुठेही चिकट नमुना लावला की यंत्र दमानं ओढतं आणि क्षणभर थांबतं. तो तिचा हात आहे. मी जिंकलो तो तिच्या जिवावर.

तीही जिंकली. साताऱ्यात तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. मागच्या महिन्यात तिनं एकदम दोन यंत्रं मागवली. एजन्सीतल्या पोरांना न पाठवता बसवायला मी स्वतः गेलो.

"लय शिकलं की तुमचं यंत्र, साहेब," ती हसत म्हणाली आणि चहा पुढे केला.

सांगलीहून येताना वाक्य घोकत आलो होतो. तोंडातून निघालं ते, "वॉरंटी आजपासून सुरू."

म्हणायचं होतं ते एवढंच : ताई, त्या दिवशी तुमचे नमुने उत्तम होते. खोटं मी बोललो. मला माफ करा.