उजवा डोळा आणि माझा पदर

लॉकडाऊनमध्ये मी जो मूर्खपणा केला, तो आधी सांगून टाकते. निघोज्यात मी अंगणवाडी सेविका होते. "दुखणं अंगावर काढू नका, दवाखान्यात जा" हे गावाला सांगून सांगून माझा घसा बसायचा. भूत, करणी, भानामती... यातलं काही मी कधी मानलं नाही. अंगारा घेऊन येणाऱ्या बायकांची तर मी नक्कल करून दाखवायचे. आजही मानत नाही — पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा संतोष चाकणला एका कंपनीत ग्राइंडिंगवर होता. तिथे गॉगल घातल्याशिवाय मशीनला हात लावू देत नसत. कंपनी बंद पडली, पोरगा घरी बसला, आणि मी त्याच्या मागे लागले. "नुसता लोळतोस. न्हाणीच्या दाराची गंजलेली बिजागरी तरी काढ." त्याने छिन्नी-हातोडी घेतली. गॉगल राहिला कंपनीत.

चार घाव घातले असतील, उजवा डोळा धरून तो खालीच बसला. "आई, कायतरी गेलं आत."

मी पदराचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली आणि डोळ्यावर धरला. लहानपणी धूळ गेली की करायचे, तसंच. "थांबलं का रे?" "व्हय, बरं वाटतंय." मला काय अभिमान वाटला तेव्हा. दवाखान्यात जाऊन येतो म्हणाला, तर मीच दारात आडवी. "तिथे कोरोनाचे पेशंट आहेत. डोळा लालच आहे ना, होईल कमी." ती शहाणी बाई आज भेटली तर मी तिचा कान धरीन.

डोळ्यात पू झाला, तेव्हा पोलिसांच्या हातापाया पडत पिंपरीला नेलं. आत लोखंडाचा कण रुतला होता. डॉक्टरबाई थकलेल्या. म्हणाल्या, "एरवी असे डोळे कंपन्यांमधून येतात, त्याच दिवशी. आता घरांतून येतायत, आणि उशिरा." डोळा जागेवर राहिला, नजर गेली. उजेडसुद्धा कळत नाही म्हणाल्या. पुढे कंपनीने त्याला स्टोअरला बसवलं. माझ्याशी बोलणं कामापुरतं.

मग एका दुपारी... तो कुशीवर पडला होता, चांगला डोळा उशीत. मी दबकत आत गेले, तर म्हणतो, "ही पिवळी साडी कवा आणली?" बहिणीने दिलेली, पहिल्यांदाच नेसलेली.

मला वाटलं, थट्टा करतोय, माझ्यावरच गेलाय. मी त्याचा डावा डोळा टॉवेलने घट्ट बांधला. बोटं दाखवली, काही नाही. सुनेला समोर उभं केलं — अंधार. आत जाऊन साडी बदलून आले. "निळी." शेजारणीची मागून आणून नेसले, त्याने जन्मात न पाहिलेली. "जांभळी, बुट्ट्यांची." माझा पदर तेवढा दिसत होता, बाकी काही नाही. नंतर डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. नजर नाहीच म्हणाल्या.

पण त्या दिवशी, टॉवेल सोडायच्या आधी, मी त्याच्यासमोर बसले आणि इतके महिने अडकलेलं विचारलं, "माझ्यावर राग आहे का रे?"

मला भरून आलं. आवाज होऊ न देता मी पदर डोळ्यांना लावला. तेव्हा तो म्हणाला,

"आई, पदरानं डोळं नको पुसू. वला झाला की मला कमी दिसतंय."