ॲक्सिलेटर धरणारं माणूस

अर्जदाराचे नाव : ग्यानबा किसन तायडे. वय : एकोणसाठ. राहणार : किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. व्यवसाय : दुचाकी वाहनांची विद्युत दुरुस्ती. अनुभव : बत्तीस वर्षे. कुटुंबातील सदस्य : एक. दृष्टी : चष्म्यासह ठीक. श्रवण : सामान्य. अर्जदार सदर व्यवसाय स्वतंत्रपणे, कोणाच्याही साहाय्याविना करण्यास सक्षम आहे काय : होय.

कारागिरांच्या कुठल्याशा योजनेचा हा अर्ज त्याच्या मुलीने, मंजुषाने, अकोल्याहून मोबाइलवर भरला. ती तिथे नर्स आहे. प्रश्न ती फोनवर वाचून दाखवत होती आणि उत्तरं स्वतःच लिहीत होती, कारण ग्यानबा प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होता. 'घरात माणसं किती?' यालाही तो 'हो'च म्हणाला. बाबा कामात असतील, असं तिला वाटलं.

रस्त्यालगत त्याचं टिनाचं शेड आहे. इंजिन, क्लच, पंक्चर यांना तो हात लावत नाही. फक्त करंट. लोक बॅटरी गेली म्हणून गाडी आणतात आणि बहुतेक वेळा बॅटरी बिचारी उपाशी असते. इंजिन फिरलं की आतली कॉइल करंट तयार करते, रेग्युलेटर त्याला आवरून बॅटरीत सोडतो. या वाटेत कुठे तरी कुणीतरी काम बंद केलेलं असतं. ते शोधायला मीटरच्या दोन काड्या बॅटरीला लावायच्या आणि गाडी एकाच वेगावर धरून आकडा बघायचा. चौदा व्होल्टच्या आसपास टिकला तर ठीक. खाली आला तर शोध सुरू. काड्यांना दोन हात लागतात, ॲक्सिलेटरला तिसरा. निसर्गाने ही गरज ध्यानात घेतलेली नाही.

तिसरा हात बायकोचा, भागिरथाचा होता. शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून ती उजव्या हाताने ॲक्सिलेटर धरायची आणि डाव्या हाताने मांडीवरच्या ताटातले तुरीच्या डाळीतले खडे वेचायची. दूध उतू जाऊ नये म्हणून जाळ सांभाळावा, तशी ती गाडी सांभाळायची. इंजिनाचा आवाज जरा उतरला की म्हणायची, "बसली." जरा वाढला की, "चढली." ग्यानबाने डोळे मीटरवर ठेवायचे, एवढंच. नवराबायकोचं दिवसभराचं बोलणं कधी कधी या दोन शब्दांत भागत असे आणि दोघांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून ग्यानबा जुन्या ट्यूबची पट्टी ॲक्सिलेटरला गुंडाळतो. मूठ जागच्या जागी राहते, पट्टी मजुरी मागत नाही, खडे वेचत नाही.

विकासची गाडी या पट्टीच्या काळातली. विकास चार गावांचं दूध गोळा करून उजाडायच्या आत डेअरीवर पोचवतो. त्याची गाडी नव्या जमान्याची. तिला किक नाही, बॅटरी बसली की सगळंच बसतं. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मीटरवर चौदाचा आकडा हळूहळू पावणेतेरापर्यंत आला. ग्यानबाने निदान केलं, रेग्युलेटर. बदलला. आठव्या दिवशी गाडी परत. पुन्हा तसाच आकडा उतरला. नवा रेग्युलेटर डुप्लिकेट निघाला, असं म्हणून त्याने तोही बदलला. पाचव्या दिवशी विकास गाडी ढकलत आला. दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते.

"काका, दूध नासलं."

"रेग्युलेटर तं नवा होता."

"ते म्हशीले सांगा."

"ठेवून जा. पाहतो."

"नाही ठेवत. इथंच बसतो. आज नाही झालं तं उद्या वाशीमले नेतो."

विकास रोज पहाटे तीस-चाळीस दारांत उभा राहतो. वाशीमचं नाव एकदा त्या दारांत निघालं की करंटवाल्याचं काम संपलं, हे ग्यानबाला ठाऊक होतं. शेड बंद झालं तर दिवसभर बसायला घरच उरत होतं. घरात बसून त्याने पाहिलं होतं. तेरवी झाल्यावर चार दिवस.

त्याने गाडी चालू केली, पट्टी गुंडाळली, काड्या लावल्या. चौदा एक. तेरा आठ. तेरा दोन.

"पाह्य. खाली येऊन राह्यलं."

"येईनच ना. गाडीच बसून राह्यली."

"नाही बसली."

"आवाज ऐका ना, काका."

"आवाज तोच आहे."

विकास उठला. पट्टी रबराचीच होती. हादऱ्याने सैल होत होती आणि मूठ केसाकेसाने मागे येत होती. त्याने ती काढली आणि मूठ स्वतः धरली.

"आता तिकडे रस्त्याकडे तोंड करा. मी वाढवतो का कमी करतो, सांगा."

ग्यानबाने रस्त्याकडे तोंड केलं. मालेगावची जीप गेली. मग तो म्हणाला, "वाढवली."

विकासने कमी केली होती.

"काका, तुमाले ऐकू नाही येत काय?"

हे त्याने जरा हळू विचारलं. ग्यानबा म्हणाला, "हो."

केव्हापासून, हे सांगणं कठीण. भागिरथा होती तोवर इंजिन ऐकायचं काम तिच्याकडे होतं. ती गेल्यावर घरात बोलणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे ऐकू येत नाही हे कळायचीही सोय उरली नाही. टीव्हीचा आवाज आपल्याच हातात असतो. मंजुषा रविवारी फोनवर वॉर्डात बोलावं तशी मोठ्याने बोलते. माणूस एकटा असला की त्याचे कान कितीही दिवस ठीक राहतात.

विकासने खूण करून काड्या लावायला सांगितल्या. मूठ त्याने पहिल्यांदा पोरांसारखी पिळली.

"वरात नाही हे," ग्यानबा म्हणाला. "एका जागी धर. बसली की सांगजो."

दहा मिनिटं आकडा चौदा एकवर राहिला. इंजिन तापलं. तेरा सहा. बारा नऊ.

"बसली?"

"नाही," विकास ओरडून म्हणाला. "हालली बी नाही."

म्हणजे उतार खरा होता आणि तो गरम झाल्यावर येत होता. इंजिनाबरोबर तापते ती आतली कॉइल; दोन्ही रेग्युलेटर निर्दोष होते. ग्यानबाने कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारा सोडवल्या आणि विकासने मूठ धरलेली असतानाच दोन-दोनच्या जोडीने मोजल्या. तिन्ही जोड्या सारख्या पाहिजेत. एका जोडीत चाळीस व्होल्ट आले. बाकीच्या दोन जोड्यांत तीन-तीन. त्या दोन्ही जोड्यांत एक तार सामाईक होती.

ऑइल काढून त्याने कव्हर उघडलं. कॉइलचं वेटोळं जिथे त्या तारेला जोडलेलं असतं, तिथला टाका सुटला होता. थंड असला की चिकटायचा, तापला की उघडायचा. एवढ्याशा टाक्याने दोन रेग्युलेटर आणि चाळीस लिटर दूध खाल्लं होतं. ग्यानबाने टाका घासला, सोल्डर केला, कपडा गुंडाळून वार्निश लावलं, सुकू दिलं. कव्हर बसवेपर्यंत ऊन कललं. मग विकासने पुन्हा अर्धा तास मूठ धरली. चौदा एक. शेवटपर्यंत.

"झालं. सोड," ग्यानबा म्हणाला.

विकासने हात झटकला. कॅन लटकवताना तो ग्यानबाच्या कानाजवळ येऊन म्हणाला, "कान दाखवून घ्या. मंजुषाताईले मी सांगू काय?"

"तू दूध पाह्य."

विकासने दारोदार सांगितलं की गाडीचा बिघाड ग्यानबाकाकाने धरला. कानाचा विषय कुठेच काढला नाही. गाडी नीट झाल्यामुळे त्याला शेडवर यायचं कारण उरलं नाही. सकाळी तो अंधारात निघून जातो आणि परत येताना डेअरीकडून शेताच्या रस्त्याने येतो.

पट्टी ग्यानबाने पुन्हा वापरली नाही.

आठवड्याभराने एक अनोळखी माणूस गाडी घेऊन आला. बॅटरी उतरते म्हणाला. ठेवून जातो, बाजार करून येतो. ग्यानबाने त्याला दोनदा बोलायला लावलं.

"अर्धा घंटा बसा लागते," तो म्हणाला. "ॲक्सिलेटर धरा लागते."

"माह्याजवळ कुठं टाइम आहे? तुमच्याजवळ माणूस नाही काय?"

"नाही."

"मंग करता कसं?"

"नाही करत."

त्या माणसाने गाडी वाशीमला नेली.