सोनबाच्या माठाची खाच

काल बाजारात एका आजींनी माझ्या दुकानासमोरच्या सोनबा कुंभाराचा माठ ओल्या हातांनी उचलला, आणि तो निसटला नाही. सोनबानं माठाच्या गळ्याखाली अंगठा फिरवून बोटांपुरती खाच ठेवली होती. माझ्या माठाची घडण त्यानं न विचारता उचलली होती, म्हणून चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून भाव ठरवतो. त्याच्या हातांकडे कधी पाहिलंच नव्हतं. सोनबानं पाहिलं होतं.

राग गिळून मी त्याच्यापुढे जाऊन बसलो. माठ हातात घेतला. "ही खाच मी घेऊ का?"

"घे की. तुझी घडण घेताना मी कुठं विचारलं होतं?"

एरवी एवढ्यावरून मी बाजार डोक्यावर घेतला असता. पण माझी बोटं त्या खाचेत अलगद बसली होती, आणि ती काढावीशी वाटेनात.